व्हॅनिलाच्या शेंगांपासून घरगुती अर्क

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकापाठोपाठ वसलेली आहेत. या शहरांत केक, बिस्किटे, आइस्क्रीम आणि मिठाई यांचा खप मोठा आहे, आणि या पदार्थांना लागणारे ‘व्हॅनिला इसेन्स’ वाण्याच्या दुकानात लहान बाटलीतून स्वस्त मिळते. शहरांच्या भोवतालच्या गावांत मात्र अजून भातखाचरे आहेत, आंब्याजांभळांची झाडे आहेत, परसदारी नारळ-सुपारी आहे. अशा परसात हौसेने व्हॅनिलाचा वेल चढविणाऱ्यास, किंवा बाजारातून खऱ्या शेंगा विकत आणणाऱ्या गृहिणीस, त्यांचा अर्क घरी काढण्याची रीत ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

ही रीत अतिशय सोपी आहे. तीस यंत्र लागत नाही की चूल लागत नाही. परंतु दोन बाबतींत हयगय चालत नाही. पहिली बाब शेंगेची : शेंग पक्व व नीट मुरलेली असली पाहिजे. दुसरी बाब द्रावकाची, म्हणजे ज्या द्रवात शेंगेचा सुगंध उतरवावयाचा त्याची : तो निर्भेळ व खाण्यायोग्यच असला पाहिजे. पहिली चूक झाल्यास पैसा वाया जातो. दुसरी झाल्यास डोळे किंवा जीव जातो. ही तिन्ही शहरे रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात असल्याने दुसऱ्या बाबीचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

वेल आणि शेंग

व्हॅनिला हा ऑर्किड वर्गातील वेल असून तो मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. त्याच्या फुलाची रचना अशी असते की, परागकोश आणि स्त्रीकेसराग्र यांच्यामध्ये एक नाजूक पडदा असतो. त्यामुळे मूळ प्रदेशाबाहेर फूल आपोआप क्वचितच फळते. वेल इतर देशांत नेले गेले तेव्हा ते वाढले, फुलले, पण त्यांना शेंगा धरेनात. १८४१ साली हिंदी महासागरातील रेयूनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने परागकण दाबण्याची युक्ती दाखविली. आजही जगभर व्हॅनिलाचे परागीकरण याच रीतीने हाताने केले जाते. आपल्याकडे या कामास नारळाच्या हिराचे टोक बोथट करून घेतले तरी चालते. फूल एकच दिवस टिकते, म्हणून हे काम सकाळीच उरकावे लागते.

परागीकरणानंतर शेंग पक्व होण्यास सुमारे नऊ ते दहा महिने लागतात. शेंगेचे टोक पिवळसर होऊ लागले की ती उतरावी. त्याआधी उतरलेली शेंग कितीही जपून मुरविली तरी तिला पुरता वास येत नाही. फार उशीर केल्यास शेंग वेलावरच उकलते.

हिरव्या शेंगेस वास का नसतो

वेलावरून नुकतीच काढलेली शेंग नाकाशी धरल्यास व्हॅनिलाचा वास मुळीच येत नाही. याचे कारण असे की, सुगंध देणारे व्हॅनिलिन हे द्रव्य हिरव्या शेंगेत साखरेशी जखडलेल्या स्थितीत असते. शेंगेतच असलेले एक विकर ही जोडी सोडविते. परंतु ते आणि हे जखडलेले द्रव्य शेंगेत एकमेकांपासून अलग असतात. ऊब व वेळ देऊन त्यांची गाठ घालून देणे, यालाच शेंग मुरविणे म्हणतात. म्हणून हिरव्या शेंगा तशाच मद्यार्कात टाकू नयेत. त्यांतून सुगंध तर उतरत नाहीच, उलट शेंगेतील पाण्याने मद्यार्क पातळ होतो आणि अर्क नासण्याचा संभव वाढतो.

शेंगा मुरविण्याची रीत

१. पाणी ६३ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. त्यासाठी उष्णतामापक वापरावा. बोटाने अंदाज घेऊ नये. शेंगा टोपलीत घालून या पाण्यात तीन मिनिटे बुडवाव्यात. पाणी उकळते असल्यास विकर नष्ट होते आणि सगळे श्रम फुकट जातात.

२. शेंगा लगेच निथळून, गरम असतानाच, काळ्या लोकरीच्या घोंगडीत गुंडाळाव्यात व झाकणाच्या लाकडी पेटीत एक ते दोन दिवस ठेवाव्यात. शेंगांना घाम सुटतो व त्यांचा रंग चॉकलेटी होतो.

३. पुढे आठ-दहा दिवस रोज दोन-तीन तास शेंगा घोंगडीवर पसरून उन्हात ठेवाव्यात. ऊन उतरण्यापूर्वी त्याच घोंगडीत गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवाव्यात, म्हणजे दिवसाची ऊब रात्रीही टिकते.

४. नंतर हवेशीर सावलीत सुपात किंवा फळीवर दोन ते तीन आठवडे सुकवाव्यात. शेंगा बोटाभोवती गुंडाळता येतील इतक्या लवचीक असतानाच हे सुकविणे थांबवावे.

५. शेवटी मेणकागदात बांधून बंद डब्यात दोन ते तीन महिने ठेवाव्यात. दर आठवड्यास डबा उघडून पाहावा. बुरशी धरलेली शेंग तत्काळ बाजूस काढावी, नाहीतर ती शेजारच्या शेंगांनाही बिघडवील.

साधारणपणे पाच ते सहा किलो हिरव्या शेंगांपासून एक किलो मुरलेल्या शेंगा मिळतात.

हवामानाच्या दृष्टीने आपल्या भागात हे काम सोयीचे पडते. माघ-फाल्गुनात परागीकरण झालेल्या शेंगा कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास उतरतात. त्या वेळी पाऊस संपलेला असतो, ऊन स्वच्छ असते आणि हवा कोरडी असते. मात्र मृगाच्या सरींपूर्वी शेंगा बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत गेल्याच पाहिजेत. पावसाळ्यातील दमट हवेत उघड्या राहिलेल्या शेंगांस हमखास बुरशी येते.

विकतच्या शेंगांची पारख

चांगली शेंग गडद तपकिरी, तेलकट तजेल्याची व मऊ असते आणि ती वाकविली तरी मोडत नाही. काडीसारखी वाळून मोडणाऱ्या शेंगेतील बराचसा सुगंध उडालेला असतो. हातास पाणी लागेल इतकी ओली शेंगही घेऊ नये. पाण्याच्या वजनाचे पैसे द्यावे लागतात आणि ती टिकतही नाही. कधी कधी शेंगेवर पांढरे बारीक स्फटिक दिसतात. ते सुईसारखे असून उन्हात चमकतात. ते व्हॅनिलिनचेच असतात व उत्तम प्रतीची खूण समजले जातात. बुरशी मात्र कापसासारखी, निस्तेज असते आणि तिला कुबट वास येतो. हा भेद कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष शेंग दाखवून समजावून द्यावा.

द्रावक कोणता वापरावा

व्हॅनिलाचा सुगंध पाण्यात थोडाच उतरतो. पाणी आणि मद्यार्क यांच्या मिश्रणात तो उत्तम उतरतो. अमेरिकेतील प्रमाणानुसार अर्कात आकारमानाने निदान ३५ टक्के मद्यार्क असावा लागतो. आपल्याकडे परवानाधारक दुकानात मिळणाऱ्या व्होडका किंवा रम या मद्यांत तो सर्वसाधारणपणे ४२.८ टक्के असतो. घरगुती अर्कास हे प्रमाण अगदी योग्य आहे. व्होडकाला स्वतःचा वास जवळजवळ नसल्याने ती अधिक चांगली. रमचा अर्क किंचित गोडसर लागतो. बिअर किंवा वाईन यांत मद्यार्क कमी असल्याने त्या उपयोगाच्या नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कारखान्यातील कोणतेही स्पिरिट, मग ते कितीही स्वच्छ दिसो, या कामी कदापि वापरू नये. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या भागात रंग, औषधे व रसायने बनविणारे कारखाने पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी ‘अल्कोहोल’ या नावाने ओळखले जाणारे द्रव एकाहून अधिक असतात, आणि नाव सारखे म्हणून गुण सारखे असे मुळीच नाही. खाण्यायोग्य मद्यार्क तो इथाइल अल्कोहोल. मिथाइल अल्कोहोल, म्हणजेच मिथेनॉल, दिसण्यात त्याच्यासारखेच पाण्यासारखे नितळ असते आणि त्याचा वासही त्याच्याशी मिळताजुळता असतो. परंतु शरीरात गेल्यावर त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते आणि डोळ्यांच्या नसा निकामी होतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

लाकडास पॉलिश करण्याचे स्पिरिट, डिनेचर्ड स्पिरिट, हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि गावठी हातभट्टीची दारू ही सर्व या कामी वर्ज्य समजावीत. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये ते पिता येऊ नये म्हणून मुद्दाम विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. रंग गाळून काढला म्हणून विष निघून जात नाही; उकळून किंवा घरी ऊर्ध्वपातन करूनही ते खात्रीने वेगळे करता येत नाही. चाखून, हुंगून किंवा ज्योतीचा रंग पाहून मिथेनॉल ओळखता येते, ही समजूत चुकीची व घातक आहे. त्याची लक्षणे पुष्कळदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात : मळमळ, पोटदुखी, धाप लागणे आणि डोळ्यांपुढे धुके येणे. असा संशय येताच घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे, आणि प्यालेला द्रव बाटलीसह डॉक्टरांस दाखवावा.

रसायनांची वापरलेली पिंपे, कॅन व बाटल्या यांबाबतही हाच नियम पाळावा. धुऊन घेतलेल्या अशा भांड्यात अर्क, पाणी किंवा कोणताही खाद्यपदार्थ ठेवू नये.

साहित्य व प्रमाण

प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे : एक लिटर द्रावकास शंभर ग्रॅम मुरलेल्या शेंगा, म्हणजेच शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅम. घरच्यापुरते करावयाचे असल्यास १८० मिलिलिटरची एक लहान बाटली पुरे. तिला १८ ग्रॅम शेंगा लागतील. लांब, चांगल्या शेंगेचे वजन तीन ते साडेतीन ग्रॅम भरते. त्या मानाने पाच-सहा शेंगा घ्याव्यात. शेंगांची लांबी व ओलावा सारखा नसल्याने मोजण्यापेक्षा तोलणे अधिक बरे. एका मोठ्या बाटलीत एकदोन शेंगा सोडून पाहिल्यास द्रवास रंग येतो, पण अर्क होत नाही. पुष्कळांची निराशा याच कारणाने होते.

कृती

तपकिरी काचेची, घट्ट झाकणाची बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करून घ्यावी. प्लॅस्टिकची बाटली घेऊ नये. शेंगा सुरीने उभ्या चिराव्यात, आतील काळे बी टाकून न देता शेंगांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत व ते बियांसह बाटलीत घालावेत. वरून द्रावक ओतावे. सर्व तुकडे द्रवात बुडालेले असावेत. वर तरंगून उघडे राहिलेले तुकडे खराब होऊ शकतात.

बाटलीवर चिठ्ठी चिकटवून तीवर तारीख, शेंगांचे वजन, द्रावकाचे नाव आणि ‘मद्यार्कयुक्त – मुलांपासून दूर ठेवावे’ असे ठळक अक्षरांत लिहावे. बाटली अंधाऱ्या, थंड फडताळात ठेवावी. पहिला आठवडा ती रोज एकदा हलवावी, पुढे आठवड्यातून एकदा. लवकर तयार व्हावे म्हणून ती उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. मद्यार्काची वाफ पेट घेते, आणि उष्णतेने सुगंधही उडतो.

आठ आठवड्यांनी अर्क वापरण्याजोगा होतो; सहा महिन्यांनी तो भरास येतो. चैत्रात घातलेला अर्क दिवाळीच्या फराळास तयार असतो, असा हिशेब ठेवावा. तयार अर्क मलमलच्या फडक्यातून गाळून दुसऱ्या कोरड्या बाटलीत भरावा. गाळून राहिलेले तुकडे फेकू नयेत. ते विस्तवापासून दूर, सावलीत पूर्ण वाळवून साखरेच्या बरणीत घालावेत. साखरेस मंद सुगंध येतो.

मद्यार्क न चालणाऱ्या घरांसाठी

पुष्कळ घरांत मद्य आणणे रुचत नाही. ते योग्यच आहे, आणि तशा घरी अर्काचा आग्रह धरू नये. त्यांच्यासाठी उत्तम पर्याय व्हॅनिला-साखरेचा. एक किलो कोरड्या साखरेत दोन-तीन चिरलेल्या मुरलेल्या शेंगा पुरून, बरणीचे झाकण घट्ट लावून तीन-चार आठवडे ठेवावे. खीर, कस्टर्ड किंवा केक यांत नेहमीच्या साखरेऐवजी ही साखर वापरावी. तीत विषबाधेचा धोका नाही व तिला परवानाही शोधावा लागत नाही.

काहीजण ग्लिसरीन वापरतात. तीन भाग ग्लिसरीन व एक भाग उकळून थंड केलेले पाणी घेऊन वरीलप्रमाणेच कृती करता येते. मात्र हा अर्क मद्यार्कातील अर्काहून सौम्य असतो. ग्लिसरीन खाद्य प्रतीचे, मोहोरबंद बाटलीतील व चिठ्ठीवर तसे छापलेले असावे. सुटे किंवा औद्योगिक ग्लिसरीन घेऊ नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकोल या विषाने दूषित झालेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषधासाठी आणलेल्या द्रवाबाबत जे रुग्णालयात घडू शकते, ते स्वयंपाकघरात घडणार नाही असे कोणी समजू नये.

बाजारातील इसेन्स आणि अर्क

बाजारातील स्वस्त इसेन्समध्ये बहुधा व्हॅनिलाची शेंग मुळीच नसते. १८७४ साली जर्मनीत टीमान व हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलिन कृत्रिम रीतीने तयार केले. पुढे ते कागदाच्या कारखान्यातील टाकाऊ द्रवापासून व खनिज तेलजन्य द्रव्यांपासूनही होऊ लागले. असे इसेन्स परवान्याने केलेले व योग्य चिठ्ठीचे असल्यास त्यास विष समजण्याचे कारण नाही. परंतु शेंगेच्या अर्कात व्हॅनिलिनच्या जोडीस इतर अनेक सुगंधी द्रव्ये असतात, म्हणून त्याचा स्वाद अधिक भरीव लागतो. ग्राहकाने चिठ्ठी वाचावी आणि कृत्रिम ते कृत्रिम म्हणूनच घ्यावे. टोंका नावाच्या बियांचा वास व्हॅनिलासारखा असतो, परंतु त्यांतील कुमारिन यकृतास अपायकारक ठरू शकते. खाद्य सुगंधात टोंका व कुमारिन वापरण्यास आपल्या देशात मनाई आहे.

वापर

अर्धा लिटर दुधाच्या खिरीस किंवा कस्टर्डला एक लहान चमचा अर्क पुरतो. पदार्थ विस्तवावरून उतरवून किंचित निवल्यावर तो घालावा. उकळत्या पदार्थात घातल्यास सुगंध वाफेबरोबर निघून जातो. अर्क हे औषध नव्हे. तो नुसता पिऊ नये व मुलांच्या हाती देऊ नये.

विक्रीचा विचार

येथवर सांगितलेला अर्क घरच्या उपयोगापुरता आहे. महाराष्ट्रात मद्य खरेदी करण्यास व बाळगण्यास परवाना लागतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मद्यार्कयुक्त अर्क विकावयाचा असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांच्याकडे आधी चौकशी करून, आवश्यक ती परवानगी हाती आल्यावरच बाटली भरावी. महिला बचत गटांस व्हॅनिला-साखर अधिक सोयीची आहे. तिच्या विक्रीसाठी खाद्यपदार्थांची नेहमीची नोंदणी तेवढी करावी लागते.

वेल लावावा काय

या पिकाचा भाव फार चंचल आहे. २००० साली मादागास्कर बेटास वादळाचा तडाखा बसल्यावर जगभर व्हॅनिलाचे भाव चढत गेले. केरळ व कर्नाटकातील अनेक शेतकऱ्यांनी तो भाव पाहून लागवड केली. आणि २००४-०५ च्या सुमारास, वेल फळू लागले तेव्हा, भाव कोसळले. वेलास पहिली फुले येण्यास तीन वर्षे लागतात, म्हणून आजचा भाव पाहून लावलेल्या वेलास आजचा भाव मिळत नाही. शिवाय व्हॅनिलास दमट हवा व निम्मी सावली लागते. बदलापूरकडील उन्हाळ्यात आच्छादन व पाणी यांची सोय नसल्यास वेल होरपळतो. यास्तव आपल्या भागात शेत गुंतवू नये. परसात गिरिपुष्पाच्या किंवा सुपारीच्या आधाराने चार-पाच वेल लावावेत, परागीकरण व मुरविणे हातात बसवावे, आणि पहिली शेंग घरच्या बाटलीत घालावी. अधिक लागवडीचा विचार दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचा सल्ला घेऊनच करावा.

कार्यकर्त्यांस सूचना

प्रात्यक्षिकात एक हिरवी, एक नीट मुरलेली आणि एक बुरशीची अशा तीन शेंगा हाताळावयास द्याव्यात; बुरशीच्या शेंगेचा तुकडा मात्र काचेच्या बंद बाटलीतून दाखवावा. व्हॅनिला-साखर सभेतच करून दाखवावी व महिन्याने तीच बरणी परत आणून सर्वांस हुंगण्यास द्यावी. मद्यार्काची कृती सांगण्यापूर्वी मिथेनॉलचा इशारा द्यावा, नंतर नव्हे. कारखान्यात काम करणारे घरातील तरुण कधी चांगल्या हेतूनेच स्पिरिटची बाटली घरी आणतात. हा इशारा त्यांच्या कानी पडेल, अशा वेळी सभा ठेवावी.

शेंग, वेळ आणि निर्भेळ द्रावक एवढीच अर्काची सामग्री होय. शेंग पारखून घ्यावी, वेळ पुरता द्यावा, आणि द्रावकाविषयी यत्किंचितही शंका असल्यास बाटली रिकामीच ठेवून साखरेची बरणी भरावी.